आप्पांना कळतं का

आप्पांची वाचा गेली आणि आमच्या घरात बाकीचे सगळे जास्त बोलायला लागले. आप्पा म्हणजे माझे वडील. शेवंतीला पाणी देता देता बांधावर पडले, उजवी बाजू लुळी झाली, पुण्याला दवाखान्यात बरेच दिवस काढले आणि घरी आले ते एकच शब्द घेऊन. व्हय. भाकरी वाढू का, व्हय. पोट भरलं का, व्हय. ऊन लागतंय का, व्हय. बसायचं का आडवं व्हायचं, तरी व्हय. सुरुवातीला आम्हाला त्याचाच केवढा आनंद. बोलायला लागलेत की, असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मग हळूहळू लक्षात आलं, की तो शब्द कुठल्याच प्रश्नाचं उत्तर नव्हता. तोंड उघडलं की तोच बाहेर पडायचा. मानही तशीच, काहीही विचारलं तरी एकसारखी हलायची. आत काय शिल्लक आहे हे बाहेरून कुणालाच दिसत नव्हतं, आणि त्यामुळेच जो तो अगदी ठामपणे सांगायचा.

आमची वस्ती राहू गावाच्या शिवेवर. दोन घरं आणि मध्ये एक अंगण. एका घरात आम्ही तिघं, समोरच्या घरात तात्या, म्हणजे आप्पांना दादा म्हणणारे त्यांचे धाकटे भाऊ, आणि त्यांचा संसार. ओढ्यापलीकडे एक गुऱ्हाळ होतं. हंगामात दिवसभर चरकाची घरघर आणि कढत्या रसाचा वास. त्या वासाने पहिल्या दिवशी भूक लागते आणि महिनाभराने मळमळायला लागतं. आप्पांची बाज ओसरीवर टाकलेली असायची. आई त्यांना दुधात भाकरी कुस्करून भरवायची, तोंडाच्या वाकड्या कोपऱ्यातून ओघळलेलं बोटाने परत आत सारायची, मग झेंडू तोडायला जायची, मग परत येऊन त्यांना कुशीवर वळवायची. ठेचा करायचा झाला तर ती खलबत्ता घेऊन तात्यांच्या घरामागे जाऊन बसायची, कारण मिरचीचा खाट उठला तर आप्पांना नीट खोकताही येत नसे. त्या वर्षभरात ती बसल्या बसल्या झोपायला शिकली. मीही दमलेली असायचे, पण सतराव्या वर्षी दमलेलं चालत नाही, त्याला लोक आळस म्हणतात.

तात्यांबद्दल लिहिताना मला जपून लिहायला हवं. पुढे नातेवाइकांत त्यांच्याबद्दल बरंच बोललं गेलं आणि ते निम्मंही खरं नाही. दवाखान्यात आप्पांच्या उशाशी बसून रडले होते ते तात्याच. दोन्ही घरांची शेती त्यांच्या एकट्याच्या अंगावर आली होती. वीज येईल तेव्हा उठून मोटर चालू करा, फुलं गाडीत भरा, कांद्याला माणसं शोधा. माणूस वाईट नव्हता, वैतागलेला होता. आणि वैतागलेल्या माणसाला डोक्यावरचं एक ओझं तरी कुठेतरी उतरवून ठेवायचं असतं. ते ओझं म्हणजे मी. पाटसच्या बाजूचं एक स्थळ त्यांनी पाहिलं होतं. बागायत होती, मुलगा शांत होता, हुंड्याची भाषा नव्हती. नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं, फक्त मला जायचं नव्हतं. आप्पांनी पडायच्या आधी मला पाबळला पाठवायचं कबूल केलं होतं. तिथे हाताने कामं शिकवणारी शाळा होती, मुलीही वायरिंग आणि वेल्डिंग शिकायच्या. आप्पांना त्याचं भारी कौतुक होतं. पण ते कबूल केलं तेव्हा तिथे मी आणि ते दोघंच होतो, आणि आता त्यातल्या एकाला बोलता येत नव्हतं.

मी तात्यांना म्हणायचे, आप्पांना विचारा. ते थकल्यासारखे म्हणायचे, "विचारलं की. व्हय म्हणला." मग मी म्हणायचे, ते सगळ्यालाच व्हय म्हणतात. आणि मग तात्या ते बोलायचे जे मला ऐकवत नसे, की मग विचारून तरी काय उपयोग, त्याला आता काय कळतंय. या बोलण्याला माझ्याकडे एकच उत्तर होतं. आप्पा बुद्धिबळ खेळायचे.

म्हणजे पूर्वीपासूनच खेळायचे. बाजाराच्या दिवशी केडगावहून, पारगावहून माणसं त्यांच्याशी खेळायला थांबायची, चहा गार व्हायचा आणि आई आतून नावं ठेवायची. आजारपणानंतर तो पट तसाच गुंडाळून फडताळात पडला होता. तो पुन्हा बाहेर काढला रामआसरेने. गुऱ्हाळावर उत्तर प्रदेशातून आलेला हा बाप्या, रस आटेपर्यंत काम नसलं की आमच्या ओसरीवर येऊन टेकायचा. एकदा त्याने पटाकडे बोट दाखवून आप्पांकडे पाहिलं, आप्पा व्हय म्हणाले, आणि त्याने सोंगट्या मांडल्या. आप्पांनी डाव्या हाताने घोडा उचलला. आई दारात उभी होती, ती तिथेच खाली बसली. रामआसरेला मराठी येत नव्हतं आणि आप्पांना आता कुठलीच भाषा येत नव्हती, त्यामुळे दोघांचं चांगलं जमायचं. बहुतेक डाव आप्पाच जिंकायचे. रामआसरे डोकं खाजवत म्हणायचा, "चाचा का दिमाग एकदम साबुत है," आणि मी ते वाक्य मराठी करून तात्यांना ऐकवायचे. जो माणूस पुढच्या चार चाली ओळखतो, त्याला आपल्या मुलीचं लग्न कळत नाही असं कसं म्हणता?

तात्यांना याचं उत्तर देता येत नव्हतं. ते दिलं दत्ताने. दत्ता म्हणजे तात्यांचा मुलगा, माझ्याहून मोठा, शिरूरच्या बाजूला एका कंपनीत कामाला होता आणि सुट्टीला घरी यायचा. त्याच्या साहेबाची बदली झाली तेव्हा त्यांनी जाताना त्याला एक वस्तू देऊन टाकली होती. सपाट पेटीसारखा बुद्धिबळाचा पट, आत सेल घालायचे, कडेला बारके लाल दिवे. आपण आपली सोंगटी घरावर दाबायची, की पेटी जरा विचार केल्यासारखी गप्प राहायची आणि मग दिवे लागायचे, कुठली सोंगटी कुठे न्यायची ते दाखवायला. तिची सोंगटीही आपणच हलवायची. समोर माणूस नाही. दत्ताने ती अंगणात मांडली तेव्हा आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसं बघायला आली, आणि पेटीने गावातल्या चांगल्या चांगल्या खेळणाऱ्यांना दुपार संपायच्या आत गार केलं.

त्याच दिवशी जेवताना मी पुन्हा माझं तेच काढलं. दत्ताने हातातला घास खाली ठेवला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हे मला आजही आठवतं. तो मला, सुनीला, समजावल्यासारखं बोलला.

"सुने, हे डबडंबी खेळतंय की. आप्पापेक्षा चांगलं खेळतंय. ह्याला कळतं का? ह्याला इचारू का मग तुझं लगीन कुठं करायचं?"

सगळे हसले. माझी आईसुद्धा. मला हसू आलं नाही, कारण मला त्याचं म्हणणं चटकन समजलं होतं. खेळता येणं म्हणजे कळणं असेल, तर त्या पेटीलाही कळतं म्हणावं लागेल. आणि पेटीला काहीच कळत नसताना ती खेळते असं म्हटलं, तर आप्पांच्या खेळण्यावरून आप्पांबद्दल काहीच ठरत नाही. कुठूनही गेलं तरी मीच अडकत होते. एवढे दिवस ज्याच्या आधाराने भांडत होते, तो आधार सेलवर चालणाऱ्या एका पेटीने काढून घेतला होता.

परवा याच दत्ताचा नातू माझ्याकडे आला होता. फोनमधलं बुद्धिबळ म्हणे जगातल्या कुठल्याही माणसाला हरवतं. मग आजी, त्याला आपल्यापेक्षा जास्त अक्कल आहे ना? मी म्हटलं, असेल बाबा. तो हिरमुसला, त्याला वाद घालायचा होता. पण आता माझ्याच्याने वाद होत नाही. हा प्रश्न आमच्या अंगणात येऊन गेला तेव्हा त्याच्यावर माझं सगळं आयुष्य टांगलेलं होतं, आणि त्या वेळीच मी त्याला इतकी दमले, की नंतर कुणीही विचारलं तरी मला आधी जांभई येते.

तेव्हा मात्र मी सतरा वर्षांची होते आणि ताटावर बसलेली होते. मी म्हणाले, आप्पा त्या पेटीला हरवतील. आता कळतं, की हरवलं असतं तरी त्यातून काय सिद्ध झालं असतं? पण बोलून गेले. तात्यांनी ताटात हात धुतला. मग म्हणाले, पाहुणे बुधवारी यायचे आहेत. रविवारी दादा त्या पेटीशी खेळू दे. जिंकला तर पाहुण्यांना थोपवतो. नाहीतर तू परत हा विषय काढायचा नाहीस. मी कबूल झाले. आप्पा ओसरीवर बाजेवर होते, त्यांना हे सगळं ऐकू जात होतं. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

रविवारी दुपारी आप्पांना बाजेवर भिंतीला टेकवून बसवलं, मागे उशा लावल्या, पुढे पाटावर पेटी ठेवली. पेटीच्या वतीने सोंगट्या हलवायला दत्ता बसला. रामआसरे गुऱ्हाळावरून सुट्टी काढून आला होता. बाकी नेहमीची चारदोन रिकामटेकडी मंडळी. पेटीने पहिलंच प्यादं दोन घरं पुढे टाकलं आणि पहिल्या दिवशीसारखाच गलका झाला. आमच्याकडच्या खेळात प्यादं एकच घर जातं, कधीही. रामआसरे म्हणाला, "अरे, दो घर कैसे? ये तो बेईमानी है." दत्ता म्हणाला, साहेबाच्या खेळात पहिल्यांदा दोन घरं चालतात. आप्पा त्या प्याद्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मग त्यांनी आपलं एक घर पुढे टाकलं आणि डाव सुरू झाला.

मध्यावर पेटीचा वजीर अंगावर यायला लागला तेव्हा आप्पांनी राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवून कोपऱ्याकडे नेऊन बसवला. आमच्या खेळात राजाला ही मुभा असते. त्याला शह बसायच्या आधी, एकदाच. आप्पांची ती ठेवणीतली चाल होती. पेटी किंचाळली. बारीक, कानाला टोचणारा आवाज. आप्पांनी राजा परत मागे आणला, पुन्हा तिथेच नेऊन दाबला. पुन्हा तोच आवाज. खेळ न येणारं कोणीतरी मागून हळहळल्यासारखं म्हणालं, "राजाची चालबी इसरला बिचारा." मी सांगायला लागले, की ही आपल्याकडची चाल आहे, ते बरोबर खेळतायत. दत्ता म्हणाला, मशीन चूक म्हणतंय. तात्या खाली मातीकडे बघत होते. राजा जागेवर ठेवावा लागला आणि थोड्या चालींत डाव गेला.

दुसऱ्या डावात पहिली चाल आप्पांची होती. त्यांनी डाव्या हाताने मधलं प्यादं धरलं आणि सावकाश दोन घरं पुढे नेऊन ठेवलं. रामआसरेने मांडीवर थाप मारली. "चाचा सीख गए." मलाही रडू यायचंच बाकी होतं. राजाच्या उडीची वेळ आली, तेव्हा आप्पांचा हात राजाकडे गेला, थांबला आणि दुसरीकडे वळला. जन्मभर खेळलेला खेळ त्या माणसाने एका डावात बाजूला ठेवला होता, कारण समोरच्याला तो येत नव्हता. पेटीला आप्पांचा खेळ शिकता आला नाही, आप्पा पेटीचा शिकले. मी हे तात्यांना सांगितलं. कानात नाही, सगळ्यांसमोर सांगितलं. तात्यांनी मान हलवली, माझं ऐकलं असं दाखवण्यापुरती. हा डाव खूप लांबला. आप्पांच्या कपाळावर घाम आला, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळायला लागली, आईने दोनदा पदराने पुसली. पेटीला काहीच होत नव्हतं. दिवे लागायचे, विझायचे, पुन्हा लागायचे. शेवटी आप्पांचा राजा कडेला कोंडला आणि तोही डाव गेला.

"पण हारलं की," दत्ता हळूच म्हणाला. जे मला दिसलं होतं ते तिथल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोरच घडलं होतं, आणि तरी ते हरण्यात जमा झालं होतं.

तिसरा डाव मांडला तेव्हा आप्पांनी हात मांडीवर ठेवला आणि उचललाच नाही. पेटीचा दिवा लुकलुकत होता. दत्ता म्हणाला, आप्पा, तुमची चाल. रामआसरे म्हणाला, चाचा थक गए, रहने दो. आप्पांनी डाव्या हाताने पेटी ढकलली. जोरात नाही. थोडी थोडी करत पाटाच्या कडेपर्यंत नेली आणि तिथे थांबले. दत्ताने ती खालून धरली आणि उचलून घेतली. कुणीतरी म्हणालं, रुसलं. माणसं उठायला लागली, कुणी चपला शोधायला लागलं. मलाही वाटलं संपलं. मनात मी बुधवारची साडीसुद्धा ठरवून टाकली, आईची जांभळी. माणूस किती लवकर शरण जातो याचं मला नंतर नवल वाटत राहिलं.

तात्या उठले आणि आप्पांच्या समोर उकिडवे बसले. त्यांना मला हिणवायचं नव्हतं. कबूल केल्याप्रमाणे पुढचं करायचं होतं, आणि लोकांसमोर मोठ्या भावाला विचारून करायचं होतं. तेवढी रीत त्यांनी कधी सोडली नाही.

"दादा, सुनीचं पावणं बुधवारी येऊ द्यायचं ना?"

"व्हय," आप्पा म्हणाले.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. बघ, असं म्हणायलाही त्यांच्यात त्राण नव्हतं. तेवढ्यात फाडकन आवाज आला. आप्पांनी डावा हात स्वतःच्याच तोंडावर मारला होता. आम्हाला काय झालं ते समजेना. आप्पांनी तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि पुन्हा तेच बाहेर आलं, व्हय. त्यांनी परत मारलं. व्हय. परत. खालचा ओठ फुटला आणि रक्त हनुवटीवर आलं, तरी ते थांबेनात. तोंड त्यांना पाहिजे ते बोलत नव्हतं आणि ते त्या तोंडाला मारत होते. आई ओरडत आतून धावली. पण तिच्या आधी तात्यांनी तो हात पकडला, दोन्ही हातांनी, घट्ट.

"दादा, ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे, दादा. कळलं मला."

पाहुण्यांना निरोप धाडायचं त्यांनी दत्ताला तिथेच सांगितलं, माझ्याकडे न बघता. पुढे पाबळला मला सोडायला तात्याच आले, माझी ट्रंक स्वतःच्या खांद्यावर घेऊन. पण ते नंतरचं. त्या दुपारी माणसं गुपचूप निघून गेली, रामआसरे गुऱ्हाळाकडे गेला, आईने ओला फडका आणून आप्पांची हनुवटी पुसली आणि ओठावर हळद दाबून धरली. आप्पा आता शांत झाले होते, भिंतीला डोकं टेकवून डोळे मिटून बसले होते. तात्या अजून आप्पांचा हात धरून तसेच उकिडवे होते. भावजी, सोडा आता, असं आईने दोनदा सांगितलेलं मला आठवतं. त्यांनी सोडला नाही. सोडला तर दादा परत मारून घेईल, अशी त्यांना भीती वाटत होती.